तुरीचा भुंगा शेतातूनच घरी येतो
लहान शेतकऱ्यासाठी कडधान्य साठवणुकीचा हिशेब

तूर घरात आली की लहान शेतकऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. आजच विकावी की भावासाठी थोडे थांबावे? आणि थांबलो, पण भुंगा लागला तर? बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाची भीती जिंकते. आवक सर्वात जास्त असते त्याच आठवड्यात माल बाजार समितीत जातो आणि मिळेल त्या भावाने सुटतो. पुढे जूनमध्ये तोच शेतकरी पेरणीसाठी बियाणे आणि घरासाठी डाळ विकत घ्यायला दुकानात उभा असतो. विकताना स्वस्त आणि घेताना महाग, असा हा दुहेरी तोटा आहे. यात भावाच्या चढउताराइतकाच वाटा एका लहानशा किड्याचा आहे.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही घरखर्चासाठी पन्नास किलो तूर माळ्यावर ठेवली. पोते नवे होते, माळा झाडून घेतला होता आणि तुरीत कडुलिंबाचा पाला घातला होता. मे महिन्याच्या शेवटी पोते सोडले तेव्हा आतून पीठ सांडले आणि हातावर तपकिरी किडे चढले. मूठभर दाणे घेतले तर निम्म्यांना भोके. पोते नवे आणि जागा स्वच्छ, मग भुंगा आला कोठून? या प्रश्नाचे उत्तर कळले तर पुढचे उपाय आपोआप समजतात. म्हणून सुरुवात तेथूनच करू.

भुंगा येतो कोठून?

गहू-ज्वारीतील सोंडे वेगळे आणि कडधान्यातील भुंगा वेगळा. सोंड्याला पुढे लांब सोंड असते. कडधान्याचा भुंगा आखूड, तपकिरी आणि तिळापेक्षा थोडा मोठा असतो. शास्त्रात त्याला कॅलोसोब्रुकस म्हणतात. तूर, हरभरा, मूग, चवळी, मटकी ही त्याची आवडती धान्ये. तो उडू शकतो आणि त्याचे काम शेतातच सुरू होते. शेंगा पिकून वाळू लागल्या की मादी शेंगेवर, किंवा शेंग फुटली असेल तर थेट दाण्यावर, अंडी घालते. मळणी होऊन तूर घरी येते तेव्हा काही दाण्यांवर अंडी आणि काही दाण्यांत अळ्या आधीच असतात. आपण पोते नवे घेतो, पण कीड पोत्यात नसून दाण्यात असते.

अंडे खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान असते आणि दाण्याला घट्ट चिकटलेले असते. ताजे अंडे जवळजवळ पारदर्शक असल्याने सहज दिसत नाही. चार-सहा दिवसांत अळी बाहेर पडते, पण ती उघड्यावर येतच नाही. अंड्याच्या तळातून ती सरळ दाण्यात शिरते आणि मागे राहिलेले कवच तिच्या भुश्श्याने भरून पांढरे दिसू लागते. म्हणजे पांढरा ठिपका दिसला, तर ती येणाऱ्या किडीची सूचना नसून अळी आत शिरल्याची खूण असते. अळी आतून दाणा पोखरते, आतच कोष करते आणि शेवटी सालीला गोल खिडकी पाडून भुंगा बाहेर येतो. उन्हाळ्यातील उबेत हे सारे तीन ते चार आठवड्यांत आटोपते. बाहेर आलेला भुंगा दाणा खात नाही. तो आठ-पंधरा दिवस जगतो, अंडी घालतो आणि मरतो. नुकसान करणारी अळी आपल्याला कधी दिसत नाही, आणि दिसणाऱ्या भुंग्याने आपले नुकसान आधीच करून ठेवलेले असते.

वीस माद्यांचा हिशेब

एक मादी साधारण ऐंशी ते शंभर अंडी घालते. सगळी जगत नाहीत. आपण हात राखून हिशेब करू आणि एका मादीमागे पुढच्या पिढीत फक्त दहा माद्या जगतात असे धरू. एका क्विंटल तुरीत फेब्रुवारीच्या सुरुवातीला वीस माद्या असल्या, तर मार्चच्या सुरुवातीला दोनशे, एप्रिलमध्ये दोन हजार, मेमध्ये वीस हजार आणि जूनच्या तोंडावर दोन लाख माद्या होतात. तितकेच नर धरले तर चार लाख भुंगे. शंभर दाण्यांचे वजन दहा ग्रॅम धरले, तर क्विंटलभर तुरीत सुमारे दहा लाख दाणे असतात. दहा लाख दाण्यांत चार लाख भोके! फेब्रुवारीत हातालाही न लागणारी कीड पेरणीच्या वेळी पोते रिकामे करते, ती या गुणाकाराने.

थंडीत ही वाढ मंद असते, ऊन वाढले की वेग घेते. यातून आमचे मुख्य सांगणे निघते : मळणीनंतरचा पहिला महिना हाच उपायाचा काळ आहे. भोके दिसल्यावर केलेली धावपळ उरलेला माल वाचवील, गेलेला परत आणणार नाही.

पहिले काम : वेळेवर कापणी आणि पुरेशी वाळवण

शेंगा वाळल्यावर पीक विनाकारण उभे ठेवू नये आणि कापलेल्या पेंढ्यांची गंजी आठवडेच्या आठवडे लावून ठेवू नये. जितके दिवस शेंगा उघड्यावर, तितकी अंडी जास्त. खळे किंवा मळणीची जागा घरातील जुन्या कडधान्यापासून दूर असावी. जुन्या पोत्यातील भुंगे उडून नव्या मालावर येतात, म्हणून नवा माल घरात येण्यापूर्वी जुना संपवावा किंवा वेगळ्या खोलीत हलवावा.

मळणीनंतर चाळून काडीकचरा, फुटके आणि मऊ दाणे काढावेत. मग ताडपत्रीवर पातळ थर देऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावे. साठवणुकीसाठी दाण्यातील ओलावा नऊ-दहा टक्क्यांवर आलेला बरा. सरकारी हमीभाव खरेदीत बारा टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो, पण विक्रीला चालणारा माल साठवणुकीला चालेलच असे नाही. ओलावा मोजायचे यंत्र नसेल तर दाताखाली दाणा धरावा. ‘कट्’ आवाज होऊन तो फुटला पाहिजे, चेपता कामा नये. दुसरी परीक्षा मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे कोरडे मीठ आणि मूठभर धान्य घालून चांगले हलवावे व काही मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर माल नक्कीच ओला आहे. मात्र मीठ न चिकटणे म्हणजे काम पूर्ण झाले असे समजू नये, कारण ही परीक्षा फक्त जास्त ओलावा दाखवते. त्यानंतरही एक-दोन उन्हे द्यावीत. वाळवलेला माल गरम असताना कधीही भरू नये. रात्री थंड झाला की सकाळी भरावा.

प्लास्टिकखालचे ऊन

साध्या उन्हाने भुंगे पळतात, पण दाण्यातील अळी मरेलच असे नाही. तिच्यासाठी जास्त उष्णता लागते. आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळीला हाच किडा लागतो. तेथे अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी स्थानिक संस्थेच्या बरोबरीने एक सोपी युक्ती शेतकऱ्यांना दिली. खाली गवत किंवा गोणपाट अंथरावे, म्हणजे जमीन उष्णता ओढून घेत नाही. त्यावर काळे प्लास्टिक पसरावे, त्यावर बोटभरापेक्षा जास्त नाही इतका धान्याचा थर द्यावा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक झाकून चारही कडा दुमडून दगड ठेवावेत. आतील तापमान ५७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन तासभर टिकले की अंडी, अळी, कोष आणि भुंगा सारेच मरतात.

आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात मार्चपासून दुपारी अकरा ते तीनच्या उन्हात हे सहज साधते. ढग नसलेला दिवस निवडावा आणि माल दोन ते तीन तास झाकून ठेवावा. दुपारी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर माल अजून ओला आहे असे समजून तो आधी उघड्यावर वाळवावा. बियाण्याला हा उपाय एकदाच करावा आणि नंतर उगवण तपासावी.

तेलाचा हात

खाद्यतेल चोळणे हा दुसरा खात्रीचा उपाय. शेंगदाणा, करडई, तीळ, जे घरात असेल ते चालते. प्रमाण किलोला पाच ते साडेसात मिलिलिटर, म्हणजे क्विंटलला अर्धा ते पाऊण लिटर. एकदम क्विंटलवर ओतू नये. पाच-दहा किलोचा ढीग घ्यावा, मोजून तेल टाकावे आणि प्रत्येक दाण्याला चकाकी येईपर्यंत दोन्ही हातांनी चोळावे. तेलाच्या पातळ थराने अंड्याला हवा मिळत नाही आणि ते मरते. शिवाय गुळगुळीत, तेलकट दाण्यावर मादीला नवे अंडे नीट चिकटवता येत नाही. मात्र आत शिरलेल्या अळीवर तेलाचा फारसा जोर चालत नाही. म्हणून तेल मळणीनंतर लगेच, वाळवणीच्या पाठोपाठ लावावे. दोन महिन्यांनी भोके दिसल्यावर लावलेले तेल वाया जाते.

घरच्या डाळीसाठी ठेवलेल्या तुरीला हा उपाय उत्तम, कारण डाळ करताना तुरीला तेलाचा हात द्यावाच लागतो. विक्रीचा माल तेल लावलेला असेल तर गिऱ्हाइकाला तसे आधी सांगावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि सांगितल्याने विश्वासच वाढतो.

हवा बंद, भुंगा बंद

तिसरा उपाय हवाबंद साठवणुकीचा. कॅमेरूनमधील त्याच कामातून तीन थरांची पिशवी तयार झाली. आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि बाहेर नेहमीचे विणलेले पोते. आतील भुंगे आणि अळ्या पिशवीतील प्राणवायू वापरून संपवतात, आणि तो घटला की त्यांचे खाणे थांबते. शास्त्रज्ञांना यात एक मजेशीर गोष्ट आढळली. हा किडा कोरड्या दाण्यात पाणी न पिता जगतो, कारण शरीरातील अन्न प्राणवायूच्या मदतीने जाळून तो स्वतःचे पाणी तयार करतो. प्राणवायू संपला की पाणीही संपते आणि किडा अक्षरशः तहानेने मरतो. कोणतेही औषध लागत नाही.

तयार पिशवी मिळाली नाही तरी तत्त्व घरी वापरता येते. झाकण घट्ट बसणारे पत्र्याचे डबे किंवा रबरी कडीचे झाकण असलेली प्लास्टिकची पिंपे चालतात. तीन गोष्टी सांभाळाव्यात. माल पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर हवाबंद भांड्यात बुरशी धरते. भांडे काठोकाठ भरावे, कारण अर्ध्या रिकाम्या पिंपात भुंग्याला महिनोन्महिने पुरेल इतकी हवा राहते. आणि दोन महिने झाकण उघडू नये. रोजच्या वापरासाठी पाच किलो वेगळे ठेवावे. पिशवी वापरत असाल तर आतील दोन्ही तोंडे वेगवेगळी पिळून, दुमडून बांधावीत. एकच पातळ पिशवी असेल तर बाहेर पडणारा भुंगा तिला भोक पाडतो. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे जुने पिंप कितीही धुतले तरी धान्याला वापरू नये.

राख, वाळू आणि पाला

आपल्या आजी-नानींनी राखेत ठेवलेले मूग पावसाळ्यापर्यंत टिकत, ते उगाच नव्हे. पण त्या चिमूटभर राख टाकत नसत. दाण्यांमधील सगळ्या पोकळ्या भरतील इतकी चाळलेली, कोरडी राख मिसळत आणि वर आणखी राखेचा थर देत. त्यामुळे भुंग्याला फिरता येत नाही व जोडीदार सापडत नाही. मडक्यातील धान्यावर सुमारे तीन सेंटिमीटर कोरड्या बारीक वाळूचा थर दिला तरी वरून येणाऱ्या भुंग्याला अटकाव होतो. मूठ-दोन मूठ बियाण्यापासून दहा-वीस किलोपर्यंत हे उपाय चांगले, पोत्यांच्या थप्पीला जमणारे नाहीत.

कडुलिंबाच्या पाल्याचे काय? सुकवलेला पाला बाहेरच्या किड्याला काही प्रमाणात दूर ठेवतो, पण दाण्यात आधीच असलेल्या अळीपर्यंत तो पोहोचत नाही. आमची तूर फसली ती येथेच. अर्धवट वाळलेला पाला घातला तर उलट ओलावा वाढतो. पाला जोडीला असू द्यावा, पण भरवसा त्याच्यावर ठेवू नये.

घरात विष नको

साठवणुकीच्या जुन्या पुस्तिकांत काही औषधे दिलेली असतात. त्यांतील बी.एच.सी. पावडरीवर आपल्या देशात १९९७ पासून आणि इ.डी.बी. कुप्यांवर २००१ पासून बंदी आहे. जुन्या साठ्यातून कोणी देऊ केल्या तरी घेऊ नयेत. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गोदामात प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली वापरायच्या आहेत. त्यातून निघणारा वायू माणसाला मारतो आणि त्यावर उतारा नाही. राहत्या घरात, झोपण्याच्या खोलीत, कणगीत किंवा माळ्यावरील पोत्यात ही गोळी ठेवणे म्हणजे किड्यासाठी कुटुंबाचा जीव पणाला लावणे. पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडरही खाण्याच्या धान्यात नकोत. क्विंटलभर धान्यासाठी ऊन, तेल आणि घट्ट डबा पुरतात.

डाळ केली तर?

भुंग्याला अंडी घालायला अख्खा, सालीसकट दाणा लागतो. फोडलेल्या, साल काढलेल्या डाळीवर तो फारसा वाढत नाही. म्हणून घरखर्चाच्या तुरीची उन्हाळ्यातच डाळ करून ठेवण्याची आपली जुनी रीत साठवणुकीच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. जेथे जाते मागे पडले तेथे लहान डाळ गिरण्या आल्या आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल विदर्भ-मराठवाड्यात अनेक बचत गटांनी आणि तरुणांनी चालवायला घेतली आहे. क्विंटलभर तुरीतून साधारण सत्तर किलोच्या आसपास डाळ, शिवाय चुणी आणि टरफल जनावरांना. गावात पाच-सहा जणांनी मिळून असा व्यवसाय केला तर भुंग्याची चिंता कमी होते आणि कच्च्या मालाऐवजी तयार माल विकला जातो.

बाजाराचा हिशेब

२०२५-२६ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ८००० रुपये होता. या भावाने पाच क्विंटल तूर म्हणजे ४०,००० रुपयांचा माल. हे सारे पाच क्विंटल तेल चोळून ठेवायचे तरी अडीच ते पावणेचार लिटर तेल पुरते. या खर्चाची तुलना एका भुंगालेल्या क्विंटलशी करून पाहावी. हमीभाव केंद्रावर किडक्या दाण्यांना मर्यादा असते, आणि भुसार व्यापारी भोक पडलेला माल पाहिला की भाव पाडतो किंवा परत पाठवतो.

थांबण्याचा दुसरा मार्ग म्हणजे बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण कर्ज योजना. राज्याच्या कृषी पणन मंडळाने ती १९९०-९१ मध्ये सुरू केली. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. आपल्यापैकी ज्यांना व्याजाच्या व्यवहारात पडायचे नाही, त्यांना घरची सुरक्षित साठवण हाच भावासाठी थांबण्याचा मोकळा मार्ग आहे.

हरभऱ्याबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवा हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, आणि २०२७ पासून काही वर्षे तो फेब्रुवारीच्या सुरुवातीकडून जानेवारी-डिसेंबरकडे सरकत जाणार आहे. म्हणजे इफ्तारच्या चण्याला आणि बेसनाला मागणी येईल तेव्हा नवे पीक शेतात उभे असेल आणि बाजारात आधीच्या वर्षीचा, नऊ-दहा महिने साठवलेला हरभरा असेल. ज्याचा हरभरा तोवर बिनभोकाचा राहील, त्याला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.

बियाणे वेगळे ठेवा

भोक पडलेला दाणा पेरला तर तो उगवण्याची शाश्वती नसते, उगवला तरी रोप अशक्त निघते. तुरीला एकरी पाच-सहा किलो बियाणे पुरते. एवढेसे धान्य वाळवून, तेल किंवा राख लावून लहान घट्ट डब्यात ठेवणे अवघड नाही. मेच्या शेवटी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि आठवडाभराने मोजावेत. तुरीचे पंचाहत्तर, हरभऱ्याचे पंच्याऐंशी दाणे उगवले तर बियाणे प्रमाणित दर्जाचे समजावे.

थोडक्यात क्रम असा. मळणीच्या आठवड्यात चाळणे आणि वाळवणे. दुसऱ्या आठवड्यात तेल चोळणे. मार्च-एप्रिलमध्ये मळणी झाली तर त्याऐवजी प्लास्टिकखालचे ऊन देऊन, थंड करून भरले तरी चालेल. आधी तेल लावून ठेवलेल्या मालात मार्चमध्ये एकही पांढरा ठिपका दिसला, तर लगेच हे ऊन द्यावे. हवाबंद भांडी सोडून बाकी पोती दर पंधरा दिवसांनी उघडून मूठभर दाणे उजेडात पाहावेत. ठिपका शोधावा, भोकाची वाट पाहू नये.

पुढच्या हंगामात आमच्या माळ्यावर पोते नव्हते. काठोकाठ भरलेले तीन पत्र्याचे डबे होते. त्यांतील शेवटचा डबा आम्ही ऑगस्टमध्ये उघडला आणि त्या तुरीचे वरण घरात सगळ्यांनी खाल्ले. आपल्या शेतकरी बांधवांनी यंदा सगळा माल नको, निदान एक क्विंटल असा ठेवून पाहावा. एका क्विंटलवर विश्वास बसला की पुढच्या वर्षी बाजार समितीच्या दारात घाई करण्याचे कारण उरणार नाही.